जागं पाणी

कुठल्याही परगावी गेले की मी देवळाच्या आधी मत्स्यालयाची चौकशी करते. आमच्या घरात हा थट्टेचा विषय आहे. सून म्हणते, "आईंना काशीला नेलं तरी त्या गंगा सोडून काचेतले मासे बघतील." बघेनही. शाळेतून निवृत्त झाल्यावर लेकाच्या बदल्यांच्या निमित्ताने बरीच गावं पाहिली. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून मोजकंच बघायचं ठरवलं, तर यादीत शेवटी मासेच उरतात. दक्षिणेतल्या एका बंदराच्या गावी भलंमोठं मत्स्यालय आहे. तिथे डोक्यावरून शार्क जातो आणि खाली लोक त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. मला ते फारसं आवडलं नाही. त्याउलट एका डोंगरावरच्या गावात नगरपालिकेच्या बागेत सायकलच्या दुकानाएवढी खोली आहे, तिच्यात काचेच्या नऊ पेट्या. तिथला म्हातारा राखणदार दर पेटीपाशी थांबून कोण कालपासून जेवत नाही, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, ते सांगत होता. असलं ठिकाण वाटेत लागलं तर चुकवू नये. निदान अर्धा तास थंडाव्यात बसायला तरी मिळतं. मी मात्र आत गेल्या गेल्या मासे बघत नाही. आधी कोपऱ्यातली बुडबुड्यांची नळी बघते. ती चालू दिसली की जीव भांड्यात पडतो, आणि मग एकदम इतकं थकायला होतं की मी जवळचं बाकडं शोधते. हे थकणं म्हातारपणाचं नाही. ते तेराव्या वर्षी माझ्या हातांत शिरलं, आणि तेव्हापासून तिथेच मुक्काम करून आहे.

आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारे. विदर्भातल्या मूल गावाच्या पलीकडे एका खेड्यात तलावाच्या बांधाला लागून आमचं घर होतं. त्या बांधाला आम्ही पाळ म्हणायचो. पाळीच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला आम्ही, त्यामुळे तलाव भरला की घरातल्या जमिनीला ओल यायची आणि माय धानाचं तणस अंथरून त्यावर आम्हाला झोपवायची. घरात दोन आवाज कायम असायचे. एक मायच्या उखळाचा, आणि दुसरा जाळ्याच्या कडेला लावलेल्या मातीच्या गोळ्यांचा. बा जाळं खांद्यावर टाकून आला की त्या एकमेकींवर आपटून बारीक वाजायच्या. तेवढ्यावरून माय ओळखायची की आज काही मिळालं की नाही. मिळालं असलं तर चाल जड असायची आणि गोळ्या सावकाश वाजायच्या. रिकाम्या जाळ्याच्या गोळ्या फार किणकिणायच्या. मग माय न बोलता मडक्यातले सुके झिंगे काढायची, मीठमिरची घालून वाटायची, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर आम्ही तेच खायचो. खरं सांगायचं तर मला ताज्या माशापेक्षा ती चटणीच आवडायची, पण तसं म्हणायची सोय नव्हती. बाला वाईट वाटलं असतं.

बाचे पाय मात्र गेले होते. हिवाळ्यात उजाडता उजाडता छातीभर पाण्यात उतरायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं, हे त्याने पोरवयापासून केलेलं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन सुटायची. गुडघे सुजलेले असायचे. उकिडवं बसलं की त्याला कोणीतरी हात देऊन उठवावं लागे. पन्नाशीही आली नव्हती तेव्हा त्याची. माय एरंडाचं तेल गरम करून गुडघ्यांना लावायची आणि म्हणायची, "देवानं मानसाले पाय देल्ले तं जमिनीवर चालाले देल्ले, बगळ्यावानी उभं राह्याले नाई." बा हसायचा. पण रोज सकाळी उठताना भिंतीला धरून तो जो आवाज काढायचा, तो मला अजून ऐकू येतो.

आमचा चांदा जिल्हा, म्हणजे आताचा चंद्रपूर, तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. गावात फरक एवढाच पडला की नवीन साहेब यायला लागले. त्यातले एक मासळीखात्याचे होते, गाव त्यांना मच्छीसाहेब म्हणायचं. मुंबईला समुद्रकाठी लोकांना बघायला माशांचं घर आहे, तिथे आता आपल्या तलावांतले मासेही ठेवायचेत, असं त्यांनी पाळीवर उभं राहून सांगितलं. मासे जिवंत पोचले पाहिजेत. बा या कामात नावाजलेला होता. दूरच्या तलावांतून माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मडक्यात घालून, पायी, एकही न मारता आणणारा त्या भागात दुसरा कोणी नव्हता. साहेब म्हणाले, "सोमाभाऊ, हे काम नीट झालं तर मूलला माशांचं बीज वाढवायच्या सरकारी तळ्यावर चौकीदाराची जागा निघणार आहे. मी तुमचं नाव लिहून पाठवतो. तळ्याच्या काठावर बसायचं, पाण्यात उतरायचं काम नाही."

पाण्यात उतरायचं काम नाही. हे वाक्य माझ्या मायने त्या महिन्यात किती वेळा उच्चारलं असेल. भाकरी थापताना म्हणायची, माझ्या धाकट्या भावाला अंघोळ घालताना म्हणायची. तिला खुर्ची, पगार, खाकी कपडे यांतलं काही दिसत नव्हतं. तिला फक्त बाचे कोरडे पाय दिसत होते.

हे काम एकट्याचं नव्हे. मडक्यातला मासा जगवायचा तर पाणी सतत हलवावं लागतं. तळहात आडवा करून वरचं पाणी थापटायचं, मग बोटांनी खालचं वर आणायचं, पुन्हा थापटायचं. याला बा पाणी जागं ठेवणं म्हणायचा. "पानी झोपलं का मासा मेला," एवढंच त्याचं शास्त्र. पायी चालताना मडकं कावडीत हिंदकळतं, त्यामुळे ते आपोआप होतं. गाडीत हातानेच करायचं. काका बरोबर जाणार होता, त्याला ऐन वेळी हिवताप भरला. मग मी. माझे हात जाळ्याने टणक झालेले होते, आणि मुख्य म्हणजे चौथी पास असल्याने मला स्टेशनांची नावं वाचता येत होती. बाला अक्षर येत नव्हतं. माय म्हणाली, "जाऊ दे शांतीले. तिले वाचता येते, तुमाले झोपता येईन."

चार मडकी निघाली. एकात रोहूची बोटुकली, एकात सापासारख्या लांब दोन वाम, एकात ते आरपार दिसणारे चिमुकले मासे, ज्यांचं हृदय बाहेरून दिसतं. त्यांना मी माझ्यापुरतं काचपोरं म्हणायची, आणि सगळ्यांत जास्त जीव माझा त्यांच्यावर होता. चौथ्यात मरळ. मरळ पिल्लांना घेऊन हिंडते तेव्हा तिच्यावर जाळं टाकायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. म्हणून ही एकटीच आहे याची बाने दोन दिवस पाळीवर बसून खात्री केली होती. मरळ उडी मारते, तिच्या मडक्याच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. आणि ती वर येऊन हवा घेते, तिला थापटायची गरज नाही. "हे मडकं तू सोडजो नको," एवढं बाने बजावलं. मायने शिदोरीला लाखोरीच्या डाळीचे वडे दिले. झिंग्यांची चटणी का नाही म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाली, "पाहुन्याच्या तोंडापुढं त्याचीच भावकी खातेत काय? काही लाज?"

मूलहून छोट्या गाडीने नागपूर, हाच एक दिवस. गाडी बैलगाडीशी पैज लावल्यासारखी चालायची. डब्यात बाया नाकाला पदर लावत आणि तरी मडक्यात डोकावत. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठी नेऊन राह्यले हे?" बा म्हणाला, "मुंबईले." "खाले?" "नाई, पाह्याले." म्हातारा मडक्यात वाकून बघत म्हणाला, "मासे पाह्याले पैसे देतेत लोकं? आमच्या इथी तं फुकटात दिसते." सगळा डबा हसला, बाही हसला. नागपूरला त्याने स्टेशनाबाहेर हिंडून एक विहीर शोधली आणि मरळीचं मडकं वगळून बाकी तिन्ही मडक्यांतलं अर्धं पाणी बदललं. मोठ्या गाडीत आम्ही दाराशी बसलो. मी एक तास थापटायचं, त्याने दोन तास, असं ठरलं होतं. रात्र कशी गेली ते मला सांगता येणार नाही. हात माझा राहिला नव्हता, एवढं आठवतं. खांद्यापासून पुढे तो कोणा दुसऱ्याचा असावा तसा हलत होता. बा मला उठवायचाच नाही. माझा तास आला तरी थापटत राहायचा आणि वर म्हणायचा, "आत्ताच तं झोपली तू."

सकाळी एका मोठ्या स्टेशनात गाडी थांबली. स्टेशनाचं नाव मला आठवतं, पण लिहीत नाही. त्याचा काय दोष. इंजिन बदलणार होतं, त्यामुळे गाडी बराच वेळ थांबणार होती. बा डब्याच्या भिंतीला डोकं टेकून झोपला होता, तोंड उघडं, हात अजून मडक्याच्या काठावर. त्याला तसा झोपलेला मी कधी पाहिला नव्हता. घरी तो झोपेतही पाय दुखल्यासारखं तोंड करायचा. मी मडक्यांत पाहिलं. बोटुकली वर येऊन तोंडं उघडत होती, काचपोरं एका बाजूला गोळा झाली होती. पाणी बदलायला झालं होतं, आणि बरोबरचं पाणी संपलं होतं. समोर फलाटावर नळ होता.

मूलला तेव्हा नळ नव्हते. मी नळाचं पाणी आदल्या दिवशी नागपूरला पहिल्यांदा प्यायले होते आणि त्याला दवाखान्याचा वास आला होता. आमच्या गुरुजींनी पटकीच्या साथीत आम्हाला शिकवलं होतं की विहिरीत दवा टाकली म्हणजे पाणी शुद्ध होतं, दवाचं पाणी सगळ्यांत चांगलं. तेव्हा गावात दवा पडली आणि माणसं मरायची थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मासे थकलेत, त्यांना याहून चांगलं पाणी कुठलं मिळणार? मी पाण्याचा रिकामा डबा घेऊन तीन खेपा केल्या. नळ जोरात सोडला की भांड्यात फार आवाज होत होता, म्हणून बारीक सोडला, बा जागा होऊ नये म्हणून. तिन्ही मडक्यांतलं अर्ध्याहून जास्त पाणी बदललं. मरळीच्या मडक्याला, सांगितल्याप्रमाणे, हात लावला नाही. आणि मग मी मोठ्या आनंदाने थापटायला बसले. गाडी सुटली. मला वाटत होतं, बा उठेल, बघेल आणि म्हणेल, शांती हुशार झाली.

काचपोरं आधी गेली. पांढरी झाली, आरपार दिसायची बंद झाली. मी बाला हलवून उठवलं. तो दोन्ही हातांनी थापटायला लागला, मीही. घाटात, बोगद्यांत, आम्ही दोघं समोरासमोर बसून थापटत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. बाला वाटलं गर्दीची ऊब लागली. वाम थोडा वेळ मडक्याच्या भिंतीला घासत फिरल्या, मग लांब होऊन तळाशी पडल्या. मुंबई आली तेव्हा तीन मडक्यांत एकही जीव हलत नव्हता. तरी बा थापटत होता. उतरणारी माणसं त्याला ओलांडून जात होती.

मत्स्यालयाचा माणूस हातगाडी घेऊन आला होता. समुद्राच्या काठाने आम्ही गेलो. समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला म्हणायचा, पण खरं तर पाहिला नाही. मागच्या दाराने आत गेल्यावर तिथल्या चष्मेवाल्या साहेबांनी मडकी उघडली. ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि विचारलं, "नळाचं पाणी घातलंत?"

मी बाच्याकडे पाहिलं. बाने मडक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो साहेब. मीनं टाकलं."

"अहो, त्यात औषध असतं. माणसाला चालतं, माशाला विष."

"मले मालूम नोतं," बा म्हणाला.

मी बोलायला हवं होतं. तेरा वर्षांची मुलगी काय बोलणार, असं मी पुढे स्वतःला कितीदा समजावलं. पण मी वर्गात फळ्यासमोर न घाबरता बोलणारी मुलगी होते. त्या वेळी गप्प बसले ते भ्यायल्यामुळे, दुसरं काही कारण नाही.

चौथ्या मडक्याचं फडकं सोडलं तर मरळ टुणकन वर आली. साहेबांचा चेहरा जरा उजळला. ते मनाने बरे होते. म्हणाले, "एवढ्या लांब आलाच आहात, तर आत बघून जा." असं माझ्या आयुष्यातलं पहिलं मत्स्यालय मी तिकीट न काढता पाहिलं. अंधाऱ्या खोलीत भिंतभर उजेडाच्या काचा. पिवळे, निळे, पट्ट्यांचे मासे, एक कासव, लोकांची पोरं नाकं चेपून काचेला लागलेली. बा दर काचेपुढे थांबत होता. त्याचे पाय इतके सुजले होते की चपला हातात घेतल्या होत्या. एका मोठ्या माशापुढे तो फार वेळ उभा राहिला. मासा सावकाश वळला आणि त्याची सगळी कूस आमच्यासमोर आली. बा म्हणाला, "मासा बाजूनं असा दिसते, मले मालूमच नोतं. मीनं त्याले नेहमी वरूनच पाह्यलं. नाई तं मेल्यावर."

मग त्याचं लक्ष बुडबुड्यांकडे गेलं. तळातल्या नळीतून ते एकसारखे वर येत होते. हात लावायला कोणी नाही. त्याने राखणदाराला विचारलं, "हे पानी रातीबी झोपत नाई काय?" राखणदार म्हणाला, मशीन आहे, दिवसरात्र चालतं. बाने आपला उजवा हात वर करून पाहिला. तळवा पाण्याने फुगून सुरकुतला होता. मग तो धोतराला पुसला. मी राखणदाराला हळूच विचारलं, तुम्ही नळाचं पाणी कसं चालवता? तो म्हणाला, "एक दिवस हौदात उघडं ठेवायचं, बेबी. वास उडाला की झालं." एक दिवस उघडं ठेवायचं. एवढी साधी गोष्ट होती.

आम्ही परत आलो. मायने गाडीतून उतरणाऱ्या बाचं तोंड पाहिलं आणि घरी जाऊन एरंडाचं तेल गरम करायला ठेवलं. चौकीदाराच्या जागेवर दुसरा माणूस लागला, चांगला होता बिचारा. मच्छीसाहेब पुन्हा पाळीवर आले नाहीत. आमच्या मरळीच्या काचेवर चांदा जिल्ह्याचं नाव लावलंय, असं कोणीतरी सांगत आलं. माय म्हणाली, "तिची तं सोय लागली." त्या घरात त्यावर कोणी रागावलं नाही, हसलंही नाही. थंडी पडली आणि बा पुन्हा तलावात उतरायला लागला.

माझ्याने मात्र खाववेना. पूस महिन्याच्या थंडीत एका सकाळी मी त्याच्यामागे पाळीवर गेले. तो काठावर बसून पाय चोळत होता, पाण्यात जायच्या आधी ते गरम करावे लागत. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "बा, पानी मीनं टाकलं होतं. तू झोपला होता. नळाचं पानी मीनं टाकलं."

बा पाय चोळत राहिला. "मले मालूम आहे," म्हणाला.

"मंग साहेबाले तूनं टाकलं म्हून काऊन सांगतलं?"

"नळाचा आवाज आला मले. मी जागा झालतो." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता, नुसता शीण होता. "डोळे उघडून पाह्यलं तं तू पानी बदलवून राह्यली होती. मले वाटलं, चला, पोरगी सांभाळते आता. मंग मी मुद्दाम झोपलो. नळाचं पानी वाईट हे मलेबी मालूम नोतं, उठून मीबी तुले नाई म्हटलं नाई. तं टाकलं ते दोघानंबी टाकलं." थोडं थांबून तो म्हणाला, "तेवढी चांगली झोप मले जिंदगीत नाई लागली, शांते."

मग त्याने हात पुढे केला. मी त्याला धरून उठवलं. त्याने जाळं खांद्यावर टाकलं, मातीच्या गोळ्या वाजल्या, आणि तो पाण्यात उतरला.